रक्ततपासणीची घोकंपट्टी

४ मार्च

ति. ताईस,
सा. न. (म्हणजे साधाच नमस्कार; साष्टांगाला आता कंबर वाकत नाही.)

आठवतं, शाळेच्या मागच्या पायऱ्यांवर आपण दोघी एकाच पुस्तकात डोकी घालून भूगोल घोकायचो? नद्या तुझ्या, डोंगर माझे. ऊन हळूहळू एकेक पायरी उतरायचं. परीक्षा संपली की नद्या-डोंगर सगळं वाहून जायचं. भूगोलाच्या सिस्टर मात्र खूश!

परवा दवाखान्यात बसल्या बसल्या त्या पायऱ्या डोळ्यांपुढे आल्या. त्याचं असं झालं. दर वर्षी रक्त तपासायच्या आधी आठवडाभर मी साखर, बिस्किटं, केक सगळं बंद करते. उपाशीपोटीची साखर छान येते आणि मी घरी येते ती केक घेऊनच. युक्ती तुझीच, भूगोलाची! पण यंदाच्या डॉक्टरीणबाई नव्या. त्यांनी तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणीही करायला लावली आणि मी पकडले गेले. सरासरी वर, इन्सुलिन वर, रक्तातली चरबी वर; चांगलं कोलेस्टेरॉल तेवढं खाली. बाई म्हणाल्या, याचा अर्थ कर्करोग झालाय असा मुळीच नाही. पण रक्त वर्षानुवर्षं असंच राहिलं तर काही कर्करोगांचा धोका थोडा वाढतो, त्यात आतड्याचाही. आणि तुमच्या आईला तोच होता. तेव्हा एकदा दुर्बिणीने आतडं बघून घेऊ.

मी नाही म्हटलं. साखर सोडीन, चालायला जाईन, पण ते बघणं नको. शिलाई मशीनपुढे बसते, काजं करते, खिडकीतून ढग सरकताना दिसतात. जे बघितलंच नाही ते नसल्यासारखंच वाटतं गं.

लोभ नेहमीचाच, त्यात कपात नको.
तुझी,
छकुली

११ मार्च

प्रिय छकुलीस,
अनेक आशीर्वाद, आणि एक धपाटा.

पत्र वाचून आधी हसले, मग हातातला चहा तसाच निवून गेला. बाई गं, रक्त म्हणजे का सिस्टरांचा पेपर? त्याला आपण काय घोकलं ते कळत नाही, आपण कसे राहिलो तेवढं कळतं.

आईचं तुला नीट माहीत नाही, तू तेव्हा सासरी होतीस. पोटात दुखायचं तेव्हा ती म्हणायची, एवढी पाहुणेमंडळी जाऊ देत, मग दाखवू. मग म्हणायची, पडदे धुऊन होऊ देत. पडदे धुतले, इस्त्री करून टांगले, सगळी खोली पांढरीशुभ्र झाली, आणि ती खुर्चीत बसून त्यांच्याकडे बघत राहिली. तू नाही म्हणालीस ना, मला तिचाच आवाज ऐकू आला.

माझ्या पायाचं प्लास्टर अजून निघायचंय, नाहीतर कान धरून नेलं असतं. तुझ्या नवऱ्याला निरोप धाडलाय. भांडायचं असेल तर माझ्याशी भांड, पण तपासून आल्यावर.

माया आहे म्हणून रागावते, हे ध्यानात असू दे.
ताई

२ एप्रिल

ति. ताईस,
सा. न.

गेले एकदाची. सुई टोचली आणि झोप आली ती कोमट पाण्यासारखी. त्यात आई होती. पांढऱ्या कापडाचा तागा उलगडत होती. तो खोलीभर, अंगणभर पसरत चालला होता. मी कात्री मागत होते आणि ती म्हणत होती, घाई कसली, आधी माप घे.

जागी झाले तेव्हा एक गाठ काढून झाली होती. आज अहवाल आला: कर्करोग नाही, पण तशीच राहिली असती तर पुढे होऊही शकला असता. मी रडले. आमचे हे म्हणाले, तुझ्या पोटात काही राहत नाही असं ऐकून होतो, आज पुरावा मिळाला. मग स्वतःच डोळे पुसत बसले.

आता साखरेचं औषध आणि संध्याकाळचं चालणं चालू केलंय. तुझा लोभ आहे, म्हणून हे पत्र लिहायला मी आहे.
छकुली

ता. क. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अशी गाठ निघाली की भावंडांनी आणि मुलांनीही आपापल्या डॉक्टरांना दाखवायचं. म्हणून अहवालाच्या प्रती काढल्यात. एक तुझी, सोबत आहे. उशीखाली ठेवू नकोस. दुसरीही सोबतच, दादाची. तो नको म्हणाला तर वहिनीच्या हातात दे. तिसरी माझ्या लेकीची. ती मी पोस्टाने पाठवणार नाही. लेक सुट्टीला आली की शेजारी बसून वाचून दाखवीन. आईला मला हे देता आलं नाही. तिला ठाऊकच नव्हतं.