लहान ट्रॅक्टर चालू झाला

पेरूबाग वस्ती, राहाता
ता. ६ जानेवारी १९७३, शनिवार

साळूच्या आबांना राहीचा वाकून नमस्कार. आम्ही इकडे बरे आहोत, तुम्ही नागापूरला वेळेवर जेवत असाल असे धरून चालते.

बाकी सगळे मागाहून लिहिते, आधी मोठी बातमी. आपला लहान ट्रॅक्टर चालू झाला! बारा-पंधरा दिवस झाले, आणि आजही चालतोय. मी हे लिहितेय आणि त्याचा आवाज बांधावरून इथपर्यंत येतोय. मागे पाण्याची टिपाडे भरलेला गाडा घेऊन राधाकृष्णभावजी छगनमामांच्या विहिरीवरून परत येतायत. मामांनी सांगितलेय, जोवर झरा आहे तोवर न्या, फक्त आपल्या आपण वाहून न्या. बैल दुष्काळी छावणीत, माणसांच्या डोक्यावर किती पाणी येणार? पण ट्रॅक्टर एका खेपेला बागेची अख्खी ओळ भिजवतो. जुन्या ओळीतल्या सफेद्या पेरूला खालून फूट आलीय. खोटे वाटेल, म्हणून साळूला पान तोडून पाकिटात घालायला सांगितलेय.

तुम्ही हे वाचून काय विचाराल ते मला ठाऊक आहे. कसा चालू झाला ते सांगतेच, पण जरा दमाने.

घरचे असे, की साळू चौथीच्या सहामाहीत पहिली आली. लंका आणि मी, दोघी जावा, एकाच चुलीवर भाकरी करतो आता. दुष्काळी कामावर आलटूनपालटून जातो, एक खडी फोडते, दुसरी घर आणि झाडे बघते. लंका माझ्याशी बोलत नव्हती हे तुम्हाला माहीत आहे. वाटणीपासून दोन्ही घरांच्या मध्ये कुडाची भिंत होती. कुड अजून आहे, पण त्यातून आता आम्ही तव्यावरची गरम भाकरी पलीकडे देतो.

तर ट्रॅक्टर. भावजींनी टाकी उतरवली तर आत नुसता तांबेरा. बारीक खडे आणि थोडे रॉकेल घालून आम्ही दोघांनी ती दोन्हीकडून धरून हलवली, ताक घुसळल्यासारखी. लाल चिखल निघाला. पेट्रोलची नळी इतकी वाळली होती की हात लावल्यावर तिचे तुकडे पडले. ती भावजींनी श्रीरामपुराहून नवी आणली. पेट्रोलच्या कॉकखालच्या काचेच्या वाटीला बुचाची चकती लागते ना, ती मिळेना. मग औषधाच्या बाटलीचे बूच चिरून मी चकती कापली. ती बसली, आणि एक थेंब गळत नाही. तुम्ही ओट्यावर फडके पसरून हे सगळे खोलायचा आणि मी एकेक वस्तू हातात द्यायची, तेव्हा मला वाटायचे मी नुसती बसलेय. तसे नव्हते तर. हातांनी सगळे ध्यानात ठेवले होते.

पहिल्यांदा हँडल मारले तेव्हा इंजिन दोनदा शिंकले आणि सगळे पेट्रोल कार्बोरेटरमधून खाली सांडायला लागले. लंकाने चूल विझवली आणि तिथून ओरडली, की तुम्ही दोघे वस्ती पेटवणार. मी तो खोलला. आतली पितळी डबी, जी तरंगून सुई वर ढकलते, ती कानाशी धरून हलवली. आत पेट्रोल खळखळत होते. ज्या डबीने तरंगायचे तीच बुडालेली, मग सुई बंद होणार कशी? भावजींना इतका आनंद झाला, जसा काही चोर सापडला. कढत पाण्यात डबी बुडवली तेव्हा कडेने बारीक बुडबुडे आले. भोक सुईच्या अग्राएवढे. राहात्याच्या बाजारात स्टोव्ह दुरुस्त करणारे भीमाबुवा बसतात, त्यांनी आधी आतले पेट्रोल पूर्ण उडवून मग भोकावर कथलाचा डाग दिला. म्हणाले, घाई केली असती तर मिशा गेल्या असत्या.

सुईचे टोकही झिजून त्यावर गोल खाच पडली होती. जुन्या कंपनीची सुई आता कुठे मिळायची? मोटरसायकलची मिळाली, जरा लांब होती. भावजींनी कानशीने घासली, ती आखूड झाली. परत श्रीरामपूर. दुसरी मी घासली. जेटच्या बारीक भोकात कचरा होता तो आपल्या स्टोव्हच्या पिनेने काढला.

आणि मग झाला. आधी काळा धूर, मग पांढरा, मग तो आवाज. साळू टाळ्या पिटत नाचत होती. लंका पदर तोंडाला लावून रडत होती की हसत होती, मला कळले नाही. आणि मी, तुमची बायको, त्यावर चढले आणि बांधापर्यंत चालवत नेला. येताना वळवता आला नाही म्हणून कुंपणात घातला, पण ते सोडा.

आता कार्बोरेटर कुठून आला ते.

गेल्या महिन्यात कणगीतली बाजरी संपली. तळ खरवडायला मी आत वाकले तर हाताला गाठोडे लागले. तुमच्या जुन्या धोतराचे. आत तो.

मी कणगीला टेकून बसले. वाटणीत ट्रॅक्टर भावजींकडे गेला आणि आठ दिवसांत बंद पडला. भावजींनी पंचांना सांगितले की कार्बोरेटर दुरुस्तीला नगरला दिला होता, तिथे हरवला. सगळे गाव त्यांना हसले. ज्याला एक वस्तू सांभाळता येत नाही त्याला ट्रॅक्टर कशाला, असे म्हणाले. मीही तेच म्हणाले होते, कुडाच्या या बाजूने, त्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. आणि तुम्ही पुढच्याच महिन्यात नागापूरच्या कारखान्यात लागलात, दिवाळीलाही आला नाहीत. मला वाटले, तुम्ही भावावर रागावलात.

मी गाठोडे घेऊन कुडापलीकडे गेले. भावजी दोर वळत होते. मी ते पुढे ठेवले. त्यांनी उघडून पाहिले, परत झाकले. मग म्हणाले, "वहिनी, मला पहिल्या दिवशीच ठाऊक हुतं."

मी विचारले, मग खोटे का बोललात.

"ह्या ट्रॅक्टरवर दादाचा जीव हाय. वाटणीत चिठ्ठी माझी निघाली तवा त्याचं तोंड मी बघितलं. गावानं त्याला चोर म्हनलं असतं, ते मला ऐकवलं नसतं. मला येडा म्हनले, त्यात काय गेलं माझं?"

आबा, एवढेच बोलले. नंतर पुन्हा तो विषय काढला नाही. लंकाला त्यांनी आजवर सांगितलेले नाही, मीही सांगितले नाही. गावाला ते म्हणाले, नगरचा मिस्तरी भला निघाला, सापडल्यावर परत पाठवला.

भावजींनी हे ओठांवर येऊ दिले नाही, हे तुमच्या ध्यानात आले असणार. त्यामुळेच तुम्ही येत नाही, असे मला आता वाटते. त्यांनी मारले असते, ते भांडले असते तर तुम्ही केव्हाच घरी आला असता. चुकत असेन तर सांगा.

रागवायचे असेल तर माझ्यावर रागवा. मी तुम्हाला विचारले नाही, कारण विचारले असते तर तुम्ही नको म्हणाला असता, आणि मग मला तुमचे ऐकावे लागले असते. झाडे तेवढे थांबली नसती. पाणी दोन्ही बागांना जाते. आधी आपल्या ओळीला, मग त्यांच्या. हा क्रम मी नाही लावला, भावजींनी लावला.

एक काम मात्र अडलेय. इंजिन रिकामे असले की नीट चालते, गाडा भरला की मध्येच अडखळते. बाजूचा पितळी स्क्रू जरासा फिरवायला हवा, हे भावजींनाही समजते. मी परवा पाना घेऊन गेले तर त्यांनी माझा हात धरला. "त्यो ऱ्हाऊ द्या, वहिनी. त्यो दादानं लावायचा."

तर तो स्क्रू तसाच आहे, आणि ट्रॅक्टर अडखळतच पाणी ओढतोय. कारखान्यात रजा मागा. भावाशी काय बोलायचे याची जुळवाजुळव गाडीत करू नका, तो काही विचारणार नाही. आल्यावर सरळ बांधावर जा, आम्ही सगळे तिथेच असतो.

तुम्हाला न विचारता तुमच्यासाठी दार उघडून बसलेली,
राही