वाऱ्यातली चकती आणि पहिला पाट

१८ जुलै २००४, रविवार. भोकरदन
धोंड्याचा महिना लागला. सकाळीच राजूरहून सासऱ्यांचा, आबांचा फोन. दोन्ही जावयांना ८ ऑगस्टला धोंडे खायला बोलावलंय. सुनंदाने फोन ठेवला आणि भांडी आदळायला लागली. कारण ठाऊक आहे. मागच्या धोंड्याच्या महिन्यात थोरला जावई मी, पण पहिल्या पाटावर बसवलं धाकट्या मंगलच्या नवऱ्याला, प्रभाकररावांना. त्यांना जालन्याला लवकर परतायचं होतं, नवी गाडी दारात उभी, वगैरे. येताना सु. एस.टी.त खिडकीकडे तोंड करून रडली.

आज म्हणाली, "पाटाचं मला काही न्हाई. पण थोरली मी हाये." मला मात्र पाटाचंसुद्धा आहे. हे फक्त या वहीत.

२० जुलै
राजूरला गेलो होतो. सु.चा भाऊ दिलीप अमेरिकेहून महिनाभर आलाय. तिकडचा एक खेळ घेऊन आलाय. ताटलीएवढ्या प्लास्टिकच्या चकत्या, त्या लांबून फेकून साखळ्या टांगलेल्या टोपलीत पाडायच्या. टोपली इथे कुठली मिळायला. गावातल्या वेल्डरकडून लोखंडी कडं करून घेतलं, त्याला बैलांच्या साखळ्या, खाली घमेलं. घरामागच्या बरडावर, उघड्या माळावर, खांबाला ठोकलं. आबा सगळ्या बाजूंनी फिरून बघून म्हणाले, "अन् बैल कुठं बांधायचा?"

जेवताना पाटाचा विषय निघालाच. मंगलचाही फोन येऊन गेलेला. आबा खाली मान घालून जेवत राहिले, त्यांना दोन्ही लेकी सारख्या. दिलीप गमतीत बोलून गेला, "साखळीत जो जास्ती टाकील त्याचा पहिला पाट." आबांनी घास तसाच ठेवला. "बराबर. ठरलं. सांगा मंगलला." म्हातारा सुटला, मी अडकलो.

२२ जुलै
परवा येताना दिलीपने सरावाला तीन चकत्या दिल्या. लांब फेकायच्या वेगळ्या, या टोपलीजवळून टाकायच्या. निळी मऊ, गुबगुबीत, हातात घेतली की सोडवत नाही. लाल जड, मधे फुगलेली. पिवळी कडक, चपटी, काठाला खालून वळी, बोटाला टोचते. दिसायलाही तशीच, हॉटेलातल्या भज्यांच्या ताटलीसारखी.

घरी ओसरीत साखळी टांगून टाकून पाहिल्या. निळीला तोड नाही. अलगद तरंगत जाते आणि साखळीत गुडुप. पाट आपलाच.

२५ जुलै, रविवार. राजूर
पाट गेला.

बरडावर वारा. पश्चिमेकडून, समोरून, उभं राहू देईना. निळी फेकली. वर चढली, जागच्या जागी थांबली आणि माझ्याच डोक्यावरून मागे, थेट गोठ्यावर. पुन्हा तेच. लाल पोटात वारा भरून घेते आणि उजवीकडे पळते. चिडून पिवळी फेकली तर ती सरळ गेली. साखळीत नाही, पण खांबापाशी पडली आणि पडली तिथेच राहिली.

दिलीप म्हणाला, "दाजी, निळी तरंगती म्हणून आवडती न तुमाला? वाऱ्याला बी तीच आवडती."

२९ जुलै. भोकरदन
पिवळीच. निर्णय पक्का.

दवाखान्यामागे घमेलं टांगलंय. युक्ती कळत चाललीय. चकतीचं नाक खाली ठेवायचं, वारा पोटाखाली शिरू द्यायचा नाही. मनगटाने झटका देऊन जास्त फिरवायची. वारा पाठीमागून असेल तर ती खाली दाबली जाते, मग थोडी वर सोडायची. बोट सोलवटलं. तुपकरवाडीकडचा कुणी म्हैस घेऊन आला होता, बराच वेळ बघत उभा. "डॉक्टरसायब, आधी हिचं बघा, मंग खेळा." बघितलं. पोटफुगी होती.

१ ऑगस्ट, रविवार. राजूर
आज जमलं. वारा समोरून, कडेने, कसाही. खळ्ळ. परत खळ्ळ. सु. पदर खोचून चकत्या आणून देत होती. आवाज आला की हसायची. इतकी मोकळी हसताना तिला फार दिवसांनी पाहिलं. मला स्वतःचा भलताच अभिमान वाटला, जनावरांच्या डॉक्टरकीत कधी वाटला नव्हता एवढा.

चकत्या तिथेच ओसरीच्या फळीवर ठेवल्या. एस.टी.त कुठे सांभाळत बसायच्या.

७ ऑगस्ट, शनिवार. राजूर, मुक्काम
घात झाला.

दुपारी पोचलो तर फळीवर निळी आणि लाल. पिवळी नाही. मंगल-प्रभाकरराव सकाळीच आले होते, आणि सासूबाईंनी त्यांना अनारशांचं वाण देऊन टाकलं होतं. पिवळीवर. वाण द्यायचं ते ताटासकट, आणि दिलेलं वाण मागायचं नसतं.

मी रागाने चपला भिरकावल्या. सासूबाई मात्र खुशीत. "जावईबापू, तांब्याचं ताट तुमच्यासाठी राखून ठिवलं. थोरले न तुम्ही. त्यान्ला ही नवी ताटली दिली. काठ बी मस्त हाये, अनारसा घरंगळत न्हाई."

मला थोरला मानलं म्हणून माझीच चकती गेली. सु. कपाळाला हात लावून बसली. दिलीप हसून हसून ओसरीवरून खाली.

८ ऑगस्ट, रविवार
सकाळपासून झाडं वाकलेली. सगळं घर बरडावर. प्रभाकररावांनी आधी हात घातला तो निळीला. "ही झकास हाये." मी लाल घेतली. त्यांची निळी गोठ्यावर, माझी लाल काट्यात. पुन्हा गोठा, पुन्हा काटा. आबा म्हणाले, "असं तर धोंडे वाळून जातील."

शेवटी लाज सोडली. "प्रभाकरराव, तुमची वाणाची ताटली घटकाभर देता का? मागत न्हाई, उसनी."

"ती? घ्या की. अनारसे तर संपले."

मंगलने घरातून आणून दिली. सगळी तुपाने बरबटलेली. राखेने घासली, धोतराला पुसली. सासूबाईंकडे बघितलं, त्या म्हणाल्या, "उसनं चालतंय." मग प्रभाकररावांना सांगितलं, चकती तुमची आहे, तुम्हीही हीच टाका. तसं नसतं सांगितलं तर जिंकूनही जेवण गोड लागलं नसतं.

आळीपाळीने. त्यांची दर वेळी नाक वर करून जायची, वारा उचलायचा. माझी नाक खाली. खळ्ळ. पोरीबाळी मोजत होत्या, मी मोजलं नाही. एकदा साखळीला लागून उडाली, सु. धावत जाऊन घेऊन आली. मग पुन्हा खळ्ळ, खळ्ळ. आबांनी हात वर केला. "बस. झालं. डॉक्टर."

पहिला पाट. भोवती रांगोळी, समोर तांब्याचं ताट. सासूबाईंनी पहिला धोंडा वाढला, तूप सु.ने ओतलं, थांबेचना. "पुरे," म्हटलं तर म्हणाली, "बसा गप." मी जिंकलो. हे इथे स्पष्ट लिहून ठेवतो. खूप आनंद झाला. बारा गावच्या म्हशी तपासून जो मान मिळाला नाही तो ताटलीने मिळवून दिला.

प्रभाकरराव शेजारच्या पाटावर जेवले. दोन धोंडे जास्तच खाल्ले.

संध्याकाळी गाडीत बसताना पिवळी त्यांच्या मांडीवर. वाण त्यांचं.

१५ ऑगस्ट, रविवार. भोकरदन
झेंडावंदन करून घरी आलो तर प्रभाकररावांचा फोन. त्यांनी जालन्यात गोदामाच्या गच्चीवर टोपली करून घेतलीय, आपल्यापेक्षा मोठी. सकाळ-संध्याकाळ पिवळी टाकतायत. पुढचा धोंड्याचा महिना जेठात, गुरुजींना विचारूनही आले. जेठातला वारा म्हणजे याहून वाईट.

मग आवाज खाली आणून म्हणाले, "डॉक्टर, खरं सांगा. वाऱ्यात माझीच वर का जाऊन राह्यली?"

इतक्या वर्षांत त्यांनी मला काही विचारलं नव्हतं. मी म्हणालो, एक म्हैस अडलीय, बघून येतो, संध्याकाळी फोन करतो.

म्हैस वगैरे काही नाही. सु.ला सांगितलं तर म्हणाली, "सांगून टाका. मंगल बी माझीच बहीण हाये." थोड्या वेळाने आतून, "अन् न्हाई सांगितलं तर बी मी काही म्हणणार न्हाई."

दिवे लागले. दोनदा नंबर फिरवून ठेवून दिला. आता पुन्हा फिरवतोय. रिंग जातेय.