चिपाडाच्या भिंतीचे समर्थन

पूरग्रस्तांची छावणी,
जयसिंगपूरजवळचा माळ

चि. संयोगिता हीस हंबीररावकाकाचे अनेक आशीर्वाद.

तुझी मान कशी आहे? संगणकापुढे वाकून बसणाऱ्यांच्या मानेविषयी माझे मत तुला ठाऊक आहे. पुनरुक्ती करीत नाही. माझी प्रकृती, दोन्ही गुडघे वगळता, उत्तम.

प्रस्तुत पत्रात मला इतकेच सिद्ध करावयाचे आहे की, तू पुण्याहून आखून दिलेल्या तात्पुरत्या खोल्यांना उसाच्या चिपाडाच्या दाबीव फळ्या व वरून चुन्याचा गिलावा, ही भिंत निवडण्यात माझी कोणतीही चूक झालेली नाही.

प्रथम विरुद्ध पक्ष. छावणीच्या समितीतील दुसरे सदस्य सम्राट (शाहूपुरीत यांचे पत्र्यांचे दुकान आहे, हा योगायोग मानू) यांचा आग्रह पत्र्याचा. मी म्हणालो, पत्रा उन्हात तापतो, थंडीत गारठतो आणि पावसात बोलू देत नाही. जेथे बोलता येत नाही तेथे माणूस राहू शकत नाही. उलट चिपाड इथलेच, हलके, ऊबदार, काम संपताच मातीत मिसळणारे. सम्राट निरुत्तर झाले (किंवा चहाला गेले, मला भेद करता आला नाही). त्यांचा पत्रा आम्ही केवळ सामानाच्या शेडला लावला.

मग पाणी चढले. सर्वांत आधी बायडाबाई आल्या. गेल्या पुरात दाराशी आलेल्या नावेत म्हशीवाचून चढण्यास नकार देणाऱ्या त्या ह्याच. सोबत तीच म्हैस, आता गाभण, दिवस भरलेली. बाईंनी भिंतीवर हात फिरवला, "झ्याक हाय की, मास्तर" म्हणाल्या, म्हैस आत नेऊन बांधली आणि स्वतः डोक्यावर खताचे रिकामे पोते घेऊन पावसात बसल्या. खोली मनुष्यांसाठी आहे, हे मी क्रमवार समजावले.

"मग हिला कुठं बांधू? तुमच्या पुस्तकात?"

मी दुसरा मुद्दा काढला.

"ही भिजली तर म्या चालले माघारी."

माघारी म्हणजे पुराच्या पाण्यात. तेथे माझा युक्तिवाद थांबला.

ते पाहून बाकीच्यांनीही तेच केले. आज साऱ्या खोल्यांत म्हशी आहेत आणि सारी माणसे पत्र्याच्या शेडमध्ये, एकमेकांच्या कानात ओरडत. सम्राट काही बोलत नाहीत. बोलले तरी ऐकू येणार नाही.

माझा गोंधळ असा: भिंत उत्तम आहे हे सर्वांस मान्य, आणि म्हणूनच तीत कोणी माणूस राहत नाही. आधारविधाने खरी, अनुमान शुद्ध, निष्कर्ष मात्र रवंथ करीत बसला आहे.

तुझा,
हंबीररावकाका

ता.क. पलीकडच्या काठावरची गल्ली अजून घरातच आहे. जनावरांची सोय झाल्याखेरीज नावेत बसणार नाही, असा त्यांचा निरोप. तेव्हा उद्या ट्रकने येणाऱ्या खोल्यांपैकी निम्म्यांच्या आराखड्यात दारे रुंद कर आणि जमिनीला उतार दे. पत्राचा फोटो मोबाइलवर पाठवीत आहे. नदी पोस्टासाठी थांबणार नाही.

पुन्हा ता.क. हे पत्र मी बायडाबाईंच्या म्हशीच्या खोलीत बसून लिहिले. म्हैस व्याली. रेडकाकडे लक्ष ठेवण्याच्या अटीवर बाईंनी मला आत घेतले आहे. खोली खरोखर ऊबदार आहे.

शेवटचे. कोण राहणार, याची व्याख्या करण्यापूर्वीच मी भिंत निवडली. ही एक चूक मला मान्य आहे.

(सही) हंबीरराव