मागच्या खिडकीतले डबे

अण्णा, आज मी नातीच्या व्हाइटफील्डच्या घरी होते. तिनं फोनवरून जेवण मागवलं. अर्ध्या तासात पिशवी आली, आणि पिशवीवर एक छापील चिठ्ठी चिकटवलेली: नातीचं नाव, इमारत, मजला, घराचा क्रमांक आणि खाली आतल्या पदार्थांची पूर्ण यादी. खालच्या पहारेकऱ्यानं ती वाचली. लिफ्टमधले शेजारी दारापर्यंत आले आणि म्हणाले, "आज खिमा वाटतं?" नात हसली. तिला त्यात लाजण्यासारखं काही वाटलं नाही, आणि ते योग्यच आहे. मला मात्र तुमची मागची खिडकी आठवली, आणि रात्रीपर्यंत थांबवेना म्हणून दुपारीच लिहायला बसले.

तुमच्या हॉटेलाची माहिती तुम्हालाच सांगणं विचित्र आहे. पण जन्मभर शिकवल्यामुळे मला कोणतीही गोष्ट पायापासून सुरुवात केल्याशिवाय मांडता येत नाही. पुण्याहून इथल्या कारखान्यांत नोकरीला आलेले मराठी इंजिनियर पाटीवरचे 'मिलिटरी हॉटेल' हे शब्द वाचून विचारायचे, सैनिक कुठे आहेत? तुम्ही म्हणायचात, "सैनिक नाहीत साहेब, मटण आहे. बसा." बंगळूरच्या पेटेत, म्हणजे जुन्या बाजारपेठेत, त्या शब्दांचा अर्थ एवढाच होता, आणि अशी हॉटेलं पुष्कळदा आपल्यासारखीच, शेकडो वर्षांपूर्वी इथे येऊन राहिलेली मराठा घरं चालवत. सहा दगडी टेबलं, केळीची पानं, मटणाचं सार, खिमा आणि रागी मुद्दे, म्हणजे नाचणीचे वाफाळते गोळे. मुद्दे तुम्ही स्वतः करायचात. उकळत्या पाण्यात पिठाचा डोंगर ओतायचा आणि तो ढवळायचा नाही. मधोमध काठीनं भोक पाडून वाफेला वाट करून द्यायची, मग सगळा जोर लावून घोटायचं, आणि शेवटी ओलं बोट लावून पाहायचं. बोटाला चिकटलं तर कच्चं. पुढे वर्गात वाफ शिकवताना मी हेच उदाहरण दिलं, आणि पाठ्यपुस्तकातल्या किटलीपेक्षा मुलींना ते अधिक कळलं. तुमचं शिक्षण चौथीपर्यंतचं. पण थांबणं हीसुद्धा कृती आहे, हे मला कोणत्याही प्राध्यापकाच्या आधी तुम्ही दाखवलंत.

पण तुमचं खरं कसब पुढच्या दालनात नव्हतं, मागच्या गल्लीकडे उघडणाऱ्या खिडकीत होतं. घरी न्यायचं जेवण तिथून मिळायचं. हॉटेलात बसणं ज्यांना शोभत नसे अशा घरच्या बायका, शाकाहारी आळीत भाड्यानं राहणारी माणसं, डॉक्टरांनी ताकदीसाठी सूप सांगितलेले आजारी, यांचे तीन पुडांचे पितळी डबे शनिवारी संध्याकाळी रिकामे येऊन कट्ट्यावर बसत आणि रविवारी भरून परत जात. डब्यांवर खूण नसे. कुठल्या डब्याची कडी वाकडी आहे, कुठल्याच्या झाकणाला पोचा आहे, यावरून तुम्ही ते ओळखायचात. खिडकीत हात दिसला की डबा द्यायचा, चेहऱ्याकडे पाहायचं नाही, नाव उच्चारायचं नाही. डबा पिशवीतही घालू द्यायचा नाहीत. "उघड्या डब्याकडे कुणी बघत नाही," तुम्ही म्हणायचात. "झाकला की गल्ली विचारते."

मी अकरा वर्षांची झाले त्या वर्षी माझ्या शाळेत प्रयोगशाळा नवी सुरू झाली होती. चिठ्ठी नसलेली बाटली हा धोका असतो, हे पहिल्याच तासाला शिकवलं गेलं, आणि मी ते मनापासून शिकले. शनिवारी रात्री तुम्ही झोपल्यावर मी कट्ट्यावरच्या सातही डब्यांना चिठ्ठ्या लावल्या. सुवाच्य कन्नड अक्षरांत कुटुंबप्रमुखाचं नाव आणि खाली पदार्थ. खिडकीपाशी अभ्यासाला बसत असल्यामुळे कुठला डबा कोण नेतं आणि त्यात काय जातं, हे मला ठाऊक होतं. खळ नाचणीच्या पिठाची केली होती. वाळली की ती नखानंही निघत नाही. तुम्ही सकाळी पाहाल आणि खूश व्हाल, अशी माझी खात्री होती.

सकाळची गर्दी. डबे आईनं भरले होते; चिठ्ठ्या तुम्हीच लावायला सांगितल्या असतील, असं तिला वाटलं. तुम्ही नेहमीप्रमाणे न पाहता पहिला डबा कडीला धरून बाहेर दिलात. दुसरा उचलताना चिठ्ठी दिसली. तुम्ही ती वाचलीत, मग माझ्याकडे पाहिलंत.

"पहिल्यावर पण आहे?"

"सगळ्यांवर आहे, अण्णा."

पहिला डबा माझ्या गणिताच्या सरांचा होता. त्यांची बायको लांबच्या तापातून उठली होती आणि डॉक्टरांनी तिला बकऱ्याच्या पायांचं सूप द्यायला सांगितलं होतं. घर ज्यांचं होतं त्या बाई कडक सोवळ्याच्या. भाडेकरूच्या घरात अंडं शिजलं म्हणून त्यांनी आधीच्या कुटुंबाचं सामान अंगणात काढलेलं सगळ्या आळीनं पाहिलं होतं. सरांच्या हातातल्या डब्यावर त्यांचं नाव होतं आणि खाली 'पायाचं सूप'.

आई म्हणाली, "जावा की तुम्ही, अजून कोपऱ्यावर असतील."

"मी त्यांच्या मागं पळालो तर चिठ्ठीची गरजच नाही," तुम्ही म्हणालात. "मला अख्खी पेटे ओळखते." मग माझ्याकडे वळलात. "तू जा. शाळेतली मुलगी आहेस तू, एवढंच. स्वल्प सावकाश बोल."

मी धावते. परकराचा काठ पायात येतो. फुलबाजार मागे पडतो, सर पुढच्या वळणावर दिसतात आणि नाहीसे होतात. मी आळीत शिरते तेव्हा ते फाटकापासून चार पावलांवर आहेत, आणि घरमालकीणबाई पायरीवर तांदूळ निवडत बसल्या आहेत. "सर, डबा माझ्याकडे द्या." सर थबकतात, खाली पाहतात आणि चिठ्ठी वाचतात. मी डबा घेऊन चिठ्ठी आतल्या बाजूला करते आणि छातीशी घट्ट धरते. तो पोळतो आहे.

"कोण ही?" बाई कन्नडमध्ये विचारतात.

"माझी विद्यार्थिनी, अक्का."

"डब्यात काय गं?"

"कुळथाचं सार. आईनं पाठवलंय, सरांच्या घरी बरं नाही म्हणून."

"मसाल्याचा हात सैल दिसतोय तुझ्या आईचा. फाटकापर्यंत वास आलाय." त्या सुपातला एक खडा काढून टाकतात. "सरी, बरं, जा आत. उकळून द्या म्हणावं, नाहीतर पोट बिघडेल तिचं."

आत गेल्यावर सरांनी चाकूनं चिठ्ठी खरवडली. पाच मिनिटं लागली. त्यांच्या पत्नीनं सूप प्यायला सुरुवात केली तेव्हा ते म्हणाले, "अक्षर चांगलं आहे तुझं," आणि मग त्यांचं त्यांनाच हसू आलं.

मी परतले तोवर तुम्ही बाकीच्या सहा डब्यांवरच्या चिठ्ठ्या गरम पाण्यात भिजवून काढल्या होत्या. रागावला नाहीत. दुपारी पानं उचलून झाल्यावर मला समोर बसवलंत. "हॉटेल आपलं आहे, डबा त्यांचा आहे. कुणी काय नेलं हे सांगायचा हक्क नेणाऱ्याचा. आपण काय शिजवलं ते सांगायचा हक्क आपला, ते खुशाल मोठ्या अक्षरात सांग." दुसऱ्या दिवशी पुढच्या भिंतीवर काळा फळा लागला आणि माझ्या हातात खडूंची नवी कोरी पेटी आली. पुढची सहा वर्षं, कॉलेजात जाईपर्यंत, रोज सकाळी शाळेपूर्वी मी त्या फळ्यावर आजचे पदार्थ लिहिले. पुढे सगळं आयुष्य फळ्यासमोर गेलं. माझी नेमणूक तुम्ही केलीत, असं मी निवृत्तीच्या समारंभात सांगितलं. मिलिटरी हॉटेलवाल्याची मुलगी आहे, हेही तिथेच सांगितलं, आणि ते सांगताना माझा आवाज जितका चढला तितका वर्गात कधी चढला नव्हता.

पुढच्या शनिवारी सरांचा डबा पुन्हा कट्ट्यावर आला. तुम्ही आईला नुसतं म्हणालात, "आला." त्या एका शब्दात जेवढा अभिमान होता तेवढा मी कोणाच्या भाषणात ऐकलेला नाही. पेटेत चांगलं मटण करणारे आणखी चारजण होते. लोकांनी आपली अडचण निर्धास्तपणे ज्याच्या कट्ट्यावर ठेवावी, असे तुम्ही एकटेच होतात.

आता जे राहिलं ते. मी धापा टाकत परत आले तेव्हा तुम्ही विचारलंत, "वडील कोण, असं विचारलं का घरमालकीणबाईंनी?" मी म्हटलं, "नाही." तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवलात.

विचारलं होतं, अण्णा. बाहेर पडताना फाटकाशी विचारलं होतं. "वडील सरकारी कचेरीत कारकून आहेत," असं मी म्हटलं, आणि त्यांनी मान डोलावली. सरांचं घर वाचवायला ते खोटं लागलंच असतं. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्हीही समजून घेतलं असतं. पण ते वाक्य मी त्या फाटकाशी तयार केलेलं नव्हतं. शाळेत नाव घातलं त्या वर्षापासून मी मैत्रिणींना तेच सांगत होते. त्या दिवशी ते फक्त पहिल्यांदा कुणाच्या उपयोगी पडलं.