चौतीस नंबरचा पिचर आणि तुझ्या घरची बादली

हार्लन ग्रोव्ह, आयोवा
५ ऑगस्ट, मंगळवार

प्रिय आर्डिसताई,

धाकट्या भावाचा नमस्कार. (राग आला म्हणून नमस्कार गाळणाऱ्यांतला मी नाही. आईने तसं वळणच लावलेलं नाही.) तुझा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी दिलेलं मलम लावतेस, की कपाटात ठेवून नुसती त्याच्याकडे बघतेस? इकडे माझे टोमॅटो सशांनी चाखून टाकले, प्रत्येकाचा एकेकच घास घेतला, म्हणजे आवडलेही नाहीत. माझी तब्येत, विचारलीस तर, शनिवार दुपारपर्यंत उत्तम होती. आता पुढचं बसून वाच, कारण झाल्या प्रकारात तुझाही दोष आहे, आणि तो कुठे आहे ते मी त्याच्या जागी सांगणारच आहे.

आमचं कागदी बेसबॉल तुला दर वेळी समजावून सांगावं लागतं आणि दर वेळी तू ‘हो का?’ म्हणून पुन्हा विणायला लागतेस. तरी शेवटचं सांगतो. आम्ही दहा जण. खरे खेळाडू आम्ही कागदावर वाटून घेतो, आणि ते मैदानावर जे काही दिवे लावतील त्याचे गुण आमच्या संघांना मिळतात. दर ऑगस्टच्या पहिल्या शनिवारी ग्लेन हॉफमायरच्या गॅरेजमध्ये उगवत्या खेळाडूंची निवड होते. उगवते म्हणजे जे आज लहान गावांच्या संघांतून बसने हिंडताहेत, पण उद्या नाव काढतील असे. त्यांचेही गुण त्याच वर्षी धरतात. (ग्लेन म्हणजे डुकरांचा डॉक्टर, आता निवृत्त, आमचा चिटणीस.) पंच्याण्णव साली थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला तू ‘मलाही घ्या की तुमच्यात’ म्हणाली होतीस, आठवतं? आम्ही सगळे किती हसलो होतो! हॅरल्डभावोजींना तर टर्कीचा ठसका लागला होता.

तर आमचा चौदावा नियम असा की सलग तीन वर्षं जो शेवटचा येईल त्याची खुर्ची जाते आणि प्रतीक्षायादीतल्या पहिल्या नावाला मिळते. हा नियम मीच लिहिला, चौऱ्याण्णव साली, डुएन पीटर्सनला घालवण्यासाठी. डुएन त्या वर्षी दुसरा आला. (पुढच्या वर्षी पहिला.) मी मात्र गेली दोन वर्षं शेवटचा आहे. शेवटच्या माणसाने वर्षभर बैठकीच्या खोलीत खिडकीकडे तोंड करून ठेवायचं ते प्लास्टरचं डुक्कर माझ्याकडे दोन वर्षं मुक्कामाला आहे, आणि पोस्टमन आता त्याला हात करून जातो, मला नाही.

यादीतलं पहिलं नाव कोणाचं, हे ग्लेन कोणालाही सांगत नाही. पण माझा अंदाज आहे. अंदाज कसला, खात्रीच! आपले जावईबापू, कर्ट. माझ्या जोलीनशी लग्न झाल्यापासून हा माणूस दर शनिवारी ‘सँडविच पोचवायला’ म्हणून गॅरेजमध्ये येतो आणि तासतासभर हलत नाही. गेल्या महिन्यात मी हात धुऊन परत आलो तर हा माझ्या खुर्चीत! शिवाय खाली वाकून तिचे पाय बघत होता. माणूस अजून जिवंत आहे तोवर त्याच्या खुर्चीचं माप घेणं, याला काय म्हणायचं ते तूच सांग.

तू म्हणशील, जाऊ दे की एक खुर्ची. नाही जाऊ देणार. माझी व्हर्ना गेल्यापासून शनिवारी मला जायचं असतं असं ते एकच ठिकाण उरलंय. तिथे मी वेळेवर पोचलो नाही, तर ‘वेन्डेल कुठे राहिला?’ असं कोणीतरी विचारतं. बाकी सहा दिवस ते कोणी विचारत नाही. हे मी तुला सांगितलं, कर्टला कळता कामा नये.

म्हणून यंदा मी ठरवलं की इतरांसारखं घरात बसून आकडे चिवडायचे नाहीत. स्वतःच्या डोळ्यांनी खेळाडू बघायचा आणि तोच पहिला उचलायचा. (शेवटच्याला निवडीत पहिली संधी मिळते, तेवढंच एक सुख.) तुझ्या लँगफर्डच्या रेकून्स संघाकडे आमच्यापैकी कोणी ढुंकूनही बघत नाही, तेव्हा तोच धरला. जुलैत मी तीन दिवस तुझ्याकडे आलो ते पन्हळ साफ करायला नव्हे, हे आता कबूल करतो. पन्हळ हे निमित्त होतं. ‘जरा चालून येतो’ म्हणून मी संध्याकाळी बाहेर पडायचो तो थेट मैदानावर जायचो. ‘चालायला जातोस तर बसायला उशी घेऊन जा,’ असं तू दुसऱ्या दिवशी म्हणालीस, तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

मैदानावर हॅरल्डभावोजींची मासेमारीची टोपी डोळ्यांपर्यंत ओढून मी पार टोकाला, मक्याच्या कणसांच्या गाडीमागे बसलो, कोणी ओळखू नये म्हणून. तिथून दुर्बिणीतूनसुद्धा माणसं बोटाएवढीच दिसत होती. पण शेवटच्या डावात चौतीस नंबरचा पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, आला आणि ताई, मी हातातलं कणीस खाली ठेवलं. धान्याच्या कोठारासारखा उंच, टोपी नाकापर्यंत, आणि चेंडू असा की बॅट फिरायला लागली की तो खाली बसायचा. तीन फलंदाज, अकरा चेंडू, खेळ खलास! रविवारी पुन्हा तेच. शेजारच्या म्हातारीने मला ‘बरं वाटतंय ना?’ विचारलं, कारण माझ्या डोळ्यांत पाणी होतं. मी वही काढून सात पानं लिहिली. दारात घेतलेल्या माहितीपुस्तकात चौतीस नंबरपुढे नाव होतं, कोल्बी व्हिटलॉक, उंची पाच फूट नऊ इंच. मैदानावरचा माणूस त्याहून निदान सात इंच उंच होता. मी म्हटलं, पोरगं वाढलंय, लँगफर्डचं पाणी मानवलं.

आता तुझ्या घराकडे येतो. पहिल्याच दिवशी जेवणाच्या टेबलावर जाड भिंगांचा चष्मा लावलेला एक लांबलचक मुलगा होता. ‘हा एली, खाली तळघरात राहतो,’ एवढंच म्हणून तू बटाट्यांचं कॅसरोल वाढायला लागलीस. बहिणीच्या घरी परका माणूस जेवायला बसला तर त्याची नीट ओळख करून द्यायची असते! हा तुझा पहिला दोष. मी आपला तोंडदेखलं बोलायचं म्हणून विचारलं, “काय रे, काम काय करतोस?”

“संध्याकाळचं असतं, काका. रोज नाही.”

“किती तास?”

“तास नाही. पंधरा मिनिटं. कधी दहाच.”

आता सांग, मी सत्तेचाळीस वर्षं शाळेची बस चालवली, पहाटे पाचला उठून. पंधरा मिनिटांच्या कामावर तीनदा बटाटे वाढून घेणारा माणूस समोर बसलाय म्हटल्यावर मी गप्प कसा बसणार? मी त्याला कष्टांवर चांगलं अर्धा तास ऐकवलं. तो मान खाली घालून “हो काका, खरंय काका” म्हणत राहिला (मुलगा गुणी, त्याबद्दल तक्रार नाही), आणि तू स्वयंपाकघरात रेडिओ लावून पाठमोरी उभी होतीस. तुझे खांदे हलत होते. मला वाटलं, कांदा चिरतेयस.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यालाच कामाला लावलं. मी शिडीवर, तो खाली, आणि पन्हळीतल्या कुजक्या पानांच्या ओल्या बादल्या तो उचलून मागच्या कुंपणापर्यंत नेऊन टाकत होता. चौदा बादल्या. उजव्या हाताने. तू खिडकीतून ओरडलीस, “वेन्डेल, त्याला बादली देऊ नकोस!” आणि मी म्हणालो, “ताई, लाडावून ठेवलायस त्याला, जरा हात चालू दे.” तेव्हा तू खिडकीतून ‘का’ ते सांगायला काय हरकत होती? हा तुझा दुसरा दोष, आणि मोठा.

असो. शनिवारी गॅरेजमध्ये मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. पहिली संधी माझी. उभा राहिलो, वही उघडली, घसा साफ केला आणि खणखणीत आवाजात म्हणालो, “कोल्बी व्हिटलॉक. लँगफर्ड.” नऊही पेन्सिली जागच्या जागी थांबल्या. मला वाटलं, जळले सगळे.

ग्लेनने फोनवर शोधलं, चष्मा वर केला, पुन्हा शोधलं. “वेन्डेल, हा तुझा व्हिटलॉक मे महिन्यातच खेळ सोडून गेलाय. ओमाहाला आहे. विहिरीचे पंप बसवतो.”

“मी स्वतः बघितलाय त्याला, जुलैत!”

“पंप बसवताना?” डुएन म्हणाला.

त्यानंतर जे हसणं झालं त्याचं वर्णन मी करणार नाही. कर्टसुद्धा सँडविचचं ताट तोंडासमोर धरून हसत होता. एप्रिलात छापलेलं माहितीपुस्तक जुलैत विकतात, आणि गेलेल्या माणसाचा सदरा येणाऱ्याच्या अंगावर चढवतात, ही फसवणूक नाही तर काय? मी म्हटलं, मी नाव बदलतो. ग्लेन म्हणाला, अकरावा नियम, एकदा उच्चारलेलं नाव मागे घेता येत नाही. मी विचारलं, हा मूर्ख नियम कोणी लिहिला? सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

तेव्हा आज माझ्या संघात ओमाहाचा एक पंपवाला आहे. दुसऱ्या फेरीत मी रागाच्या भरात कोणाला घेतलं तेही मला आठवत नाही. आणि मग रविवारी जोलीनने मला तुझ्या वाढदिवसाचा फोटो दाखवला. तुझ्याशेजारी घरी भाजलेल्या रूबार्ब-पायची थाळी हातात धरून एली उभा. चष्मा नाही, टोपी नाकापर्यंत, अंगात रेकून्सचा सदरा, आणि छातीवर चौतीस. मी फोटो उलटा करून टेबलावर ठेवला आणि बराच वेळ डुकराकडे बघत बसलो. सात पानं, ताई! ज्याच्यावर सात पानं लिहिली त्यालाच मी कष्टांचं महत्त्व सांगितलं, आणि त्याच्याच हातून चौदा बादल्या वाहून घेतल्या!

एवढंच सांगायचं होतं. माझं मन हलकं झालं. तुझ्याकडून काही नको.

तुझा भाऊ,
वेन्डेल

ता. क. काही नको म्हटलं, पण सहज म्हणून विचारतो. एलीचं पूर्ण नाव काय? कोणीच न निवडलेला खेळाडू पंधरा तारखेपर्यंत कार्ड टाकून मागता येतो, पण सहाव्या नियमाप्रमाणे पूर्ण नाव लागतं. (तो नियम कोणाचा हे विचारू नकोस.) त्याच्यावर मी यंदा तरीन. संगणकावर बघ म्हणशील, तर संगणक कर्टच्या घरी आहे, आणि वाचनालयात डुएनची बायको बसते. आणि त्याचा खांदा कसा आहे, तेही कळव. माझं मलम पाठवू का?

ता. क. दुसरा, गुरुवार. घरात तिकीट नव्हतं म्हणून पत्र राहिलं, ते बरंच झालं म्हणायचं. काल मी ग्लेनकडे जाऊन टेबलावर मूठ आपटली आणि म्हटलं, ज्याची खुर्ची जाणार त्याला निदान यादी तरी दाखव. त्याने दाखवली. कर्टचं नाव त्यात कुठेच नाही. (खुर्चीचा एक पाय डुगडुगत होता, तो त्याने बसवून दिला म्हणे. मला सांगायचं तरी!) पहिलं नाव तुझं आहे. आर्डिस हेग्लंड, लँगफर्ड, नोव्हेंबर एकोणीसशे पंच्याण्णव. खाली ग्लेनच्या अक्षरात, ‘दर वर्षी कार्ड येतं, अजून इच्छुक.’

तीस वर्षं! आणि मला ‘हो का?’ म्हणत विणत बसतेस! स्वयंपाकघरात रेडिओवर सामना लावून तू पाकिटाच्या पाठीवर काहीतरी टिपत होतीस, ती मला किराणा सामानाची यादी वाटली. स्वतःच्या सख्ख्या भावाशी असा लपवाछपवीचा खेळ! मैदानावर टोपी ओढून मी बसलो होतो तो वेगळा विषय आहे.

ता. क. तिसरा, शुक्रवार. मी रात्रभर, म्हणजे साडेनऊपर्यंत, विचार केला. तू नाव कळवलंस तर मी वाचतो आणि तू आणखी थांबतेस. नाही कळवलंस तर बहुधा मी जातो आणि तू येतेस. नकोच कळवू, असं म्हणण्याइतका मी चांगला नाही, हे तुला लहानपणापासून माहीत आहे. पण त्या जेवणाच्या वेळी सगळ्यांत मोठ्याने मी हसलो होतो, हेही मला आठवलं. तेव्हा तुला योग्य वाटेल ते कर. फक्त, न कळवायचं ठरवलंस तर एक गोष्ट ध्यानात ठेव. लँगफर्डहून हार्लन ग्रोव्हला गाडीने दोन तास लागतात आणि तुझ्या गुडघ्याला ते झेपणार नाही. कोणीतरी न्यायला-आणायला लागेल, आणि आत वही धरून शेजारी बसायला. शनिवारी मी मोकळा असतो.