विलायतेच्या अर्जाला आईचा अंगठा

रघूदादा,

आईला घेऊन ठाण्याच्या तुरुंगात नानांना भेटायला चाललेय. संयुक्त महाराष्ट्रासाठी आत गेलेला बाप दिसला तर ब्रिटिश नागरिकत्वाच्या अर्जाला खोट लागेल, म्हणून आपला दौलत लंडनहून लिहितो, 'वडील वारले असं आईकडून लिहून घ्या.' आणि तू मुकाट स्टँपपेपर करून आणलास! किळस आली मला तुम्हां दोघांची. काय लिहिलंय ते न सांगताच तिचा अंगठा घेणार होतास ना? मी तिला सगळं वाचून दाखवलं. तिनं कुंकवाचा करंडा उघडला, अंगठा बुडवला आणि कागदावर दाबला.

भात झाकलाय, गिळ. कागद फळीवर आहे. कुंकू झटकू नकोस, तसाच पाठव तुझ्या भावाला.

शेवंती