गिरणीपर्यंत

२३ जून, सोमवार. सकाळी
शाळा उघडली. समता नववीत. स्कूटर धुतली, मागची सीट दोनदा पुसली. बालवाडीपासून आजवर पोरीला एक दिवस पायी जाऊ दिलं नाही. असा बाप धामणगावात दुसरा दाखवावा.
नेहमीसारखी गिरणीपाशी उतरली. पुढे गेटपर्यंत सोडतो म्हणालो, तर म्हणाली, "तिथं गर्दी असते पप्पा, गाडीले घासघूस होईल." या वयात गाडीची एवढी काळजी! संस्कार असे दिसून येतात.
गाडीवर ती बोलते. घरी तिचं तोंड मोबाइलमध्ये. पण मागे बसली की सुटते. विज्ञानाच्या मॅडम कशा चिडतात, वैष्णवीच्या मांजरीला किती पिल्लं झाली, सगळं. गिरणी येईपर्यंत मला अख्ख्या शाळेची खबर असते. दिवसभर लोकांना विमा समजावून सांगतो, ऐकत कोणी नाही. ऐकायला मिळतं ते फक्त या वेळेत.

२५ जून, बुधवार. रात्री
दगा.
जेवताना समता म्हणाली, "उद्यापासून मी पायी जातो. वैष्णवी, छकुली, साऱ्या पोरी पायीच जाऊन राह्यल्या." मी विचारलं, काऊन? म्हणाली, "असंच."
इतकी वर्षं गाडीवर नेलं-आणलं, आणि हाती काय आलं? असंच.
संजीवनीला धोके समजावले. ट्रक, कुत्री, उघडी नाली, ऊन. मी विम्याच्या धंद्यात आहे, मला धोका लांबूनच दिसतो. ती भाकरी थापत म्हणाली, "जाऊ द्या न, दीड किलोमीटर तं हाय. मी नाही का अंगणवाडीत पायी जात." मी म्हणालो, इथे विषय वेगळा आहे.
प्लॅन: विरोध करायचा नाही. जाऊ द्यायचं. तीन दिवसांत बूट चावतील, मग आपणच येईल. तोवर मी एक शब्द विचारणार नाही.

२६ जून, गुरुवार
गेली. मागे वळून पाहिलं नाही. मी फाटकात हेल्मेट धरून उभा होतो, उगाच. तिघी कोपऱ्यावर जाईपर्यंत हसत होत्या. शाळेत जाताना हसण्यासारखं काय असतं?
संध्याकाळी: सहज विचारलं, पाय दुखतात का. नाही म्हणाली. (हे विचारणं धरायचं नाही. तब्येतीची चौकशी होती.)

३० जून, सोमवार
बूट चावले नाहीत. आजकाल बूट फार चांगले बनवतात.
गावाने मात्र छळ मांडला. आमच्याकडे रोज गाडीवर दिसणारं माणूस पायी दिसलं की त्याचा एकच अर्थ निघतो. पानठेल्यावर भगवानराव चारचौघांत म्हणाले, "काय सहदेवभाऊ, गाडी इकली का?" नाही म्हणालो. "मंग पोरगी काऊन पायी जाऊन राह्यली?" म्हणालो, तब्येतीसाठी. तर म्हणाले, "बिमार हाय का?"
संध्याकाळपर्यंत दोघं येऊन गाडी कोणाला दिली ते विचारून गेले. एक जण हेल्मेट मागायला आला, आता तुमच्या काय कामाचं म्हणून.
ज्याची स्वतःची गाडी टिकली नाही त्याच्याकडून विमा कोण घेईल? काम नसताना बसस्टँडला गाडीवर चकरा मारल्या. हॉर्न वाजवत.

३ जुलै, गुरुवार. रात्री
नवा प्लॅन. एकदम पक्का. मीही पायी जाणार, तिच्या सोबत. डॉक्टरांनी चाला म्हणून सांगून दोन वर्षं झाली, तेही होईल. गावाला कळेल की हे घर हौसेनं चालतं. आणि वाटेत बोलणं होईल. मुख्य तेच.
जेवताना जाहीर केलं. समताचा घास हातातच राहिला. म्हणाली, "पप्पा, संगं नका येऊ." संजीवनीने तिच्याकडे पाहिलं, तेव्हा सुधारून म्हणाली, "म्हंजे, मांगून या. लय मांगून."
दोन मिनिटं लागलं मनाला. मग लक्षात आलं, सिक्युरिटी नेहमी मागेच असते. जबाबदारीची जागा आहे. स्पोर्ट शूज संध्याकाळीच घेऊन ठेवले आहेत.

४ जुलै, शुक्रवार
पोरी पुढे, मी लांब मागे. हापशीपर्यंत उत्तम चाललो. तिथे भगवानराव मोटरसायकल थांबवून म्हणाले, "बसा." म्हणालो, मी चालायला निघालो आहे. "बसा हो, लाजता काऊन? येते वेळ माणसावर."
आमच्याकडे एकदा बसा म्हटलं तर नाही म्हणता येतं. दुसऱ्यांदा म्हटल्यावर जड जातं. तिसऱ्यांदा नाही म्हणणं म्हणजे भांडण, पुढे त्याच्या घरच्या लग्नाची पत्रिका येत नाही. आणि भगवानरावांची पॉलिसी माझ्याकडे आहे. बसलो.
पोरींच्या बाजूने गेलो. वैष्णवीने हात केला. समता नालीकडे पाहत होती. भगवानरावांनी हॉर्न वाजवत थेट गेटसमोर सोडलं. म्हणजे तिच्या आधी मीच शाळेत पोचलो. नवीन बूट घालून, ॲडमिशनला आल्यासारखा उभा. ती जवळून गेली आणि हळूच म्हणाली, "पप्पा, घरी जा."
पहिला दिवस आहे. अडचणी येणारच.

८ जुलै, मंगळवार
काल ट्रॅक्टर. आज पाण्याचा टँकर. दोन्ही वेळा तीनदा "बसा" झालं. एकूण चालणं रोज हापशीपर्यंत. बूट अजून नवेकोरे आहेत.
समता आता घरीही बोलत नाही. हो, नाही, ठेवा, एवढंच.
आज कोकिळावहिनींकडे, म्हणजे वैष्णवीच्या आईकडे, फॉर्मवर सही घ्यायला गेलो. त्या म्हणाल्या, "समताचं अभिनंदन हो भाऊ." कशाबद्दल? ती शाळेच्या कबड्डीच्या टीमची कॅप्टन झाली. गेल्या आठवड्यात. मला माहीत आहे असं दाखवलं. चहा अर्धा ठेवून उठलो.
गाडीवर असती तर ही गोष्ट सगळ्यात आधी मला कळली असती. गिरणी यायच्या आत.
वाईट वाटलं. फार. लिहून ठेवतो, इथे कोण वाचतं.

१० जुलै, गुरुवार
एक वेगळाच त्रास. गाडीचा आरसा रोज खाली वळलेला सापडतो. चिमणीचं काम. आरशात दुसरी चिमणी दिसते म्हणून त्या चोची मारतात. आरशावर पिशवी बांधली.
पेट्रोलही कमी वाटतं. शाळेवरून मी परस्पर गावात पॉलिसीच्या कामाला जातो, जेवायलाच घरी येतो; सकाळभर गाडी दारात उभी असते, उन्हाने उडत असणार.

११ जुलै, शुक्रवार
पिशवी आरशावरून काढलेली. नीट घडी करून सीटखाली ठेवलेली. चिमणी घडी करत नाही एवढं मला कळतं. शेजाऱ्यांनी काढली असेल. शेजारी सभ्य आहेत.
हेल्मेटला खोबरेल तेलाचा वास येतो. मी तेल लावत नाही. फोम जुना झाला की तेल सोडत असावा.
संजीवनी दोन-तीन दिवस खुशीत दिसते. मी चालतो म्हणून असेल. आज स्वतःहून म्हणाली, "चालणं सोडू नका बरं." या घरात माझ्या बाजूने एक तरी माणूस आहे.

१३ जुलै, रविवार. रात्री
शेवटचा आणि बिनचूक प्लॅन. उद्या रस्त्याने जायचंच नाही. गावामागच्या, शेतांमधल्या पांदणीने जायचं. तिथे गाडी शिरत नाही, म्हणजे "बसा" म्हणणारा कोणी नाही. पांदण गिरणीच्या बरीच पुढे, शाळेच्या बाजूला रस्त्याला निघते. पोरींच्या आधी पोचून तिथे उभं राहायचं आणि समताला म्हणायचं, अभिनंदन कॅप्टन. बस, एवढंच म्हणायचं आणि निघून यायचं. आरशासमोर दोनदा म्हणून पाहिलं. चांगलं वाटतं.

१४ जुलै, सोमवार. दुपारी, पलंगावर
पांदणीत गाडी का शिरत नाही, याचा विचार आधी करायला हवा होता.
काळी माती. प्रत्येक पावलाला बूट जड होत गेला. अर्ध्यावर डावा बूट चिखलात राहिला आणि पाय पुढे गेला. तो काढायला वाकलो, उजवा पाय मुरगळला. बांधावर बसलो. पलीकडून, रस्त्यावरून, पोरींचं हसणं ऐकू आलं. कॅप्टन निघून गेली.
संजीवनीला फोन केला. कोणाला तरी पाठव म्हणालो. म्हणाली, "हळूहळू रस्त्यापाशी निंघा, आलो मी." तिला अंगणवाडीतून चालत यायला किती वेळ लागेल याचा हिशोब करत लंगडत निघालो.
पांदणीच्या तोंडाशी माझी गाडी उभी होती. वर संजीवनी. डोक्यावर माझं हेल्मेट.
मी विचारलं, हे कधीपासून? म्हणाली, "तुम्ही पायी जाले लागले तवापासून. तुम्ही निंघाले का मी गाडी घेतो, जेवाले याच्या आंदी आणून उभी करतो." शिकवलं कोणी? कोकिळावहिनींनी. आणि संध्याकाळी मी पानठेल्यावर असताना बाजाराच्या मैदानावर मागून गाडी कोणी धरली? समताने.
म्हणजे बायको, पोरगी, शेजारीण, गाडी, आरसा. चिमण्यांवर मी उगाच आळ घेतला. विश्वास ठेवावा असं घरात काही उरलं नाही, हे मी तिला तोंडावर सांगितलं.
ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, "अकरा वर्स झाले, मी गावाच्या त्या टोकाले अंगणवाडीत पायी जाऊन राह्यली. सारं गाव तुम्हाले बसा म्हनते. तुम्ही मले कधी म्हनलं?"
मी म्हणालो, तू कधी बोलली नाहीस.
ती सीटवर पुढे सरकली आणि म्हणाली, "बसा."
एकदाच म्हणाली. बसलो.
गाडी नीट चालवते. खड्डे माझ्यापेक्षा चांगले चुकवते, हे तिला सांगणार नाही. मागे बसून तोंड दिसत नव्हतं म्हणून की काय, मी बोलायला लागलो. कबड्डीची गोष्ट परक्याकडून कळली ते बोललो. अभिनंदन पाठ केलं होतं तेही बोललो. आणखी काय काय बोललो आठवत नाही. ती हूं हूं करत होती. बरं वाटत होतं.
मग समोर गिरणी दिसली. तिच्यापुढे पानठेला. पानठेल्यावर भगवानराव, आणखी चार जण.
मी म्हणालो, इथेच थांबव, गिरणीपाशी उतरतो. संजीवनी म्हणाली, "काऊन? घरी सोडतो न. पाय मुरगळला तुमचा."
म्हणालो, पुढे गर्दी असते. गाडीला घासघूस होईल.
तिने गाडी थांबवली. म्हणाली, "समता बी हेच सांगे न तुम्हाले?"
मी उतरलो. एका पायात बूट होता.